लेन्स कंपनीची घ्यावी की बाहेरची?

गाडी दुरुस्तीला टाकली की मेकॅनिक हमखास एक प्रश्न विचारतो. "साहेब, पार्ट कंपनीचा टाकू का बाहेरचा?" हा प्रश्न विचारताना त्याच्या चेहऱ्यावर जे भाव असतात ना, अगदी तेच भाव कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरपलीकडच्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसतात. "बजेट असेल तर ओरिजनल घ्या, नाहीतर मग थर्ड पार्टी आहेच की." म्हणजे थर्ड पार्टी लेन्स मागणारा माणूस आधीच दीड पायरी खाली उभा! आणि तो शब्द तरी कसला, थर्ड पार्टी म्हटलं की मला आधी स्कूटरचा विमाच आठवतो :)

तर मंडळी, या वीकांताला या "ओरिजनल" प्रकरणावर जरा बोलायचंय. सिग्मा, टॅमरॉन, टोकिना, सॅमयांग म्हणजे डुप्लिकेट, हा समज आमच्या नगरलाच आहे असं नाही, पुण्यातल्या कंपन्यांमधल्या चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांमध्येही आहे. (नगरचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. घरी अजून नगरच तोंडात बसलंय, समजून घ्या.) डुप्लिकेट म्हणजे कुणाची तरी नक्कल. टॅमरॉन १९५० पासून आहे, सिग्मा १९६१ पासून. सिग्माचा कारखाना जपानात फुकुशिमा प्रांतातल्या आयझूला आहे. ही मंडळी स्वतःची काच घासतात, स्वतःची डिझाईन करतात.

आणि "ओरिजनल"चा इतिहास काढायचाच तर जरा मागे जाऊ. कॅननचा बाजारात आलेला पहिला कॅमेरा म्हणजे हान्सा कॅनन, साल १९३६. त्याच्यावर लेन्स कुठली होती? निकॉर! म्हणजे आज ज्याला आपण निकॉन म्हणतो त्या कंपनीची. कॅननचं दुकानच थर्ड पार्टी लेन्स लावून उघडलं होतं. उलट्या बाजूचं उदाहरणही घ्या. निकॉनने २०२१ च्या डिसेंबरात झेड माउंटसाठी २८-७५ मिमी एफ/२.८ लेन्स जाहीर केली. टॅमरॉनची त्याच रेंजची लेन्स सोनीसाठी २०१८ मध्ये आली होती. दोन्हींमध्ये १२ गटांत १५ भिंगं, दोन्हींचा फिल्टर ६७ मिमीचा, वजनातला फरक १५ ग्रॅमचा. आता निष्कर्ष तुम्हीच काढा, मी कशाला बोलू.

मग जास्तीचे पैसे जातात कशाला?

माझं मत असं आहे की ते काचेला फारसे जात नाहीत. ते जातात भाषेला.

कॅमेऱ्याची बॉडी आणि लेन्स सतत एकमेकांशी बोलत असतात. तू कोण, किती मिमीवर आहेस, फोकसची मोटर इतकी फिरव, ॲपर्चर इतकं बंद कर. कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणला तेव्हापासून हे सगळं बोलणं त्या सोनेरी पिनांमधून विजेच्या भाषेत चालतं. आणि ती भाषा कंपनी छापून देत नव्हती. सिग्मा-टॅमरॉनच्या इंजिनिअरांनी कान लावून लावून ती शिकली. आपल्यातल्या ज्यांनी कागदपत्रं नसलेल्या एपीआयवर काम केलंय, त्यांना हा ताप वेगळा समजावून सांगायला नको. आज चालतंय, सगळे टेस्ट केस पास, आणि समोरच्याने व्हर्जन बदललं की शनिवारी सकाळी फोन!

अगदी हेच झालं. फिल्मच्या जमान्यात घेतलेल्या सिग्माच्या काही लेन्स कॅननच्या नंतरच्या बॉडीवर चढवल्या की एरर यायला लागले. काच तीच, मोटर तीच, फक्त नवीन बॉडी जे शब्द बोलत होती ते जुन्या चिपला कळत नव्हते. सिग्माने काही मॉडेल्सच्या चिप बदलूनही दिल्या, पण सगळ्यांच्या नाही. पुढे २०१३ मध्ये सिग्माने यूएसबी डॉक काढला, म्हणजे लेन्सचं फर्मवेअर घरच्या घरी अपडेट करता यायला लागलं. लेन्सला पॅच मारायचा! माझ्या आजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी मला दवाखान्यात नेलं असतं.

दुसरी जुनी तक्रार म्हणजे "फोकस मागे पडतो". ती खरी होती. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा, आरशाखाली बसवलेला असे. तो हिशोब करून लेन्सला सांगायचा, इतकं सरक. भाषांतरात थोडी गडबड झाली की नवरदेवाच्या डोळ्याऐवजी कान शार्प. मिररलेसमध्ये फोटो ज्या सेन्सरवर उमटतो तोच फोकसही तपासतो, त्यामुळे ही गडबड जवळपास संपली. तेव्हा २००८ सालच्या अनुभवावर आज कोणी सल्ला देत असेल तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

आता मुद्द्याचं. भाषेबद्दल कंपन्यांची धोरणं सारखी नाहीत. सोनीने २०११ मध्ये ई माउंटची मूलभूत माहिती इतर उत्पादकांना द्यायचं जाहीर केलं. म्हणजे एपीआयचं डॉक्युमेंटेशन मिळालं. निकॉनच्या झेड माउंटवर परवाना घेऊन टॅमरॉन २०२२ मध्ये आली आणि सिग्मा २०२३ मध्ये. कॅननचा आरएफ माउंट २०१८ चा, पण २०२२ मध्ये व्हिल्ट्रॉक्स या चिनी कंपनीला त्यावरच्या ऑटोफोकस लेन्स बंद कराव्या लागल्या. कॅननने पेटंटचं कारण दिलं. मग २०२४ च्या एप्रिलमध्ये सिग्मा आणि टॅमरॉनने परवान्याने आरएफसाठी लेन्स जाहीर केल्या, पण त्या लहान सेन्सरच्या बॉड्यांसाठी होत्या.

म्हणून "ओरिजनल की थर्ड पार्टी" हा प्रश्न लेन्सच्या काउंटरवर विचारण्यात अर्थ नाही. तो बॉडी घेतली त्या दिवशीच अर्धा सुटलेला असतो. आणि उरलेला अर्धा, तुम्ही कुठे उभे राहून फोटो काढणार यावर. आमच्या जिल्ह्यातली तीन ठिकाणं घेतो, कारण तिथला उजेड, धूळ आणि गर्दी मला माहीत आहे.

पहिलं रेहेकुरी. कर्जत तालुक्यातलं काळवीट अभयारण्य, १९८० सालचं, क्षेत्रफळ जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. गवत, बाभळी, झुडपं. काळवीट काही कुंपण मानत नाही, आजूबाजूच्या शेतातही दिसतो (शेतकऱ्याचं त्यावर काय मत आहे ते वेगळं, आणि ते छापण्यासारखं नाही). इथे पहिला प्रश्न असतो मिमीचा. साधं त्रैराशिक करू. काळवीट खांद्यापर्यंत साधारण ८० सेंमी. तो १०० मीटरवर उभा आहे. ३०० मिमीच्या लेन्समधून सेन्सरवर त्याची उंची येते २.४ मिमी. फुल फ्रेम सेन्सर २४ मिमी उंच, म्हणजे काळवीट फ्रेमच्या एक दशांश. पर्यटन महामंडळाच्या पत्रकात शोभेल, पण त्याला काळवीटाचा फोटो म्हणवत नाही. ६०० मिमीला तोच ४.८ मिमी होतो, आणि लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर फ्रेमच्या जवळपास एक तृतीयांश. आता कुठे शिंगांचे पिळ मोजता येतात.

पण ६०० मिमी म्हणजे पूर्वी काय होतं? कॅनन-निकॉनच्या त्या तोफेसारख्या लेन्स, किमतीत एक चारचाकी यावी. नोकरदार माणसाला परवडेल असा झूम या कंपन्या ६०० पर्यंत नेतच नव्हत्या. २०१३ च्या नोव्हेंबरात टॅमरॉनने १५०-६०० मिमी जाहीर केली. दोन किलोच्या आत वजन आणि अमेरिकेतली किंमत १,०६९ डॉलर. पुढच्याच वर्षी सिग्माने एक सोडून दोन १५०-६०० आणल्या. आणि मग २०१५ मध्ये निकॉनला एकदम जाग आली. २००-५०० मिमी एफ/५.६, १,४०० डॉलरच्या आत! सोनीची २००-६०० आली २०१९ ला. आज ज्यांच्या गळ्यात ब्रँडचा लांब झूम आहे त्यांनी एकदा टॅमरॉनचे मनातल्या मनात आभार मानायला हरकत नाही. बाहेरच्याने दुकान टाकलं म्हणून आतल्याने भाव उतरवला.

आता ओरिजनलवाल्यांची बाजूही ऐकू. निकॉनची ५०० ला एफ/५.६ आहे, टॅमरॉन-सिग्मा टोकाला एफ/६.३. हा फरक सव्वापट उजेडाचा. हिवाळ्यात सूर्य उगवताना, धुकं असताना तो कळतो, पण तेवढाच. एफ/४ ची तोफ असेल तर उजेड अडीचपट, तिथे मी वाद घालणार नाही. फ्रेम रेटचंही तसंच. सोनीचा ए१ (२०२१) स्वतःच्या ठराविक लेन्सवर सेकंदाला ३० फ्रेम घेतो आणि बाहेरच्या लेन्सवर १५ वर थांबतो. भाषा उघड केली, पण सगळी नाही! तरी काळवीटाच्या उडीला १५ फ्रेम पुरत नसतील तर दोष लेन्सचा नाही असं माझं प्रामाणिक मत आहे.

आणि रेहेकुरीत खरी मर्यादा तिसरीच आहे. हवा. फेब्रुवारीनंतर सकाळी साडेनऊ-दहा वाजले की जमीन तापते आणि गवतावरची हवा उकळत्या पाण्यासारखी हलायला लागते. शंभर-दीडशे मीटर अशा हवेतून बघितल्यावर दहा लाखांची लेन्स आणि एक लाखाची लेन्स, दोघींना काळवीट थरथरताना दिसतो. मी लोकांना अशा वेळी स्क्रीन झूम करून "सॉफ्ट आहे राव ही लेन्स" म्हणताना ऐकलंय. लेन्स सॉफ्ट नाही हो, ऊन झालंय. जास्त पैसे देण्यापेक्षा एक तास लवकर उठा आणि थोडं जवळ जाता येतं का बघा, प्राण्याला न पळवता.

दुसरं ठिकाण भंडारदरा, काजव्यांचं. मेअखेर ते जून, पाऊस लागायच्या आधी, अकोले तालुक्यात भंडारदरा-घाटघर पट्ट्यात हिरडा-जांभळाची झाडं लुकलुकायला लागतात. इथे निकाल एका वाक्यात सांगता येतो, ब्रँडवर एक रुपया जास्त घालू नका. वीस-तीस सेकंदांची एक्स्पोजर, ट्रायपॉड, आणि अशा अनेक फ्रेम नंतर एकावर एक. अंधारात ऑटोफोकस नुसता पुढे-मागे हेलपाटे घालतो, तेव्हा तो बंदच ठेवायचा. म्हणजे ज्या भाषेचे आपण पैसे देतो, ती इथे कोणी बोलतच नाही! सॅमयांगची १४ मिमी एफ/२.८, पूर्ण मॅन्युअल, इथे राजासारखी चालते. उजेड असताना फोकस लावायचा, रिंगला चिकटपट्टी मारायची, झालं. उलट महागड्या लेन्सपैकी अनेकींची फोकस रिंग नुसती इलेक्ट्रॉनिक असते, कॅमेरा बंद करून चालू केला की फोकस जागेवर राहीलच असं नाही. सॅमयांगला एक खोड आहे, सरळ रेषा मिशीसारख्या वाकवते. पण जंगलात सरळ रेषा आणायची कुठून? (आणि कृपा करून टॉर्च-हेडलाइट बंद ठेवा. काजव्यांसाठी गेलोय ना आपण.)

तिसरं ठिकाण सगळ्यात अवघड. मंगल कार्यालय.

माझा मावसभाऊ श्रीगोंद्याला लग्नाचे फोटो काढतो. माझा छंद आणि त्याचं पोट, दोन्ही एकाच विषयावर चालतात, त्यामुळे माझ्या मतांना तो किती किंमत देतो हे वेगळं सांगायला नको. जुनी कॅननची डीएसएलआर आहे, आता मिररलेसवर जायचंय, तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू, आणि त्याआधी कर्ज काढायचंय. त्याची यादी ठरलेली होती. नवी बॉडी, नवी २४-७० एफ/२.८, नवी ७०-२०० एफ/२.८, सगळं कंपनीचं. मी विचारलं, अरे कशाला? तर म्हणाला, "दादा, लेन्सला लाल पट्टी दिसली की पार्टी भाव पाडत नाही. पांढरी लेन्स काढली की मुलीचा मामासुद्धा बाजूला सरकतो."

आता यावर हसायचं काम नाही. आपण मुलाखतीला जाताना शर्ट इस्त्री करतोच ना? त्याच्या धंद्यात लेन्स ही दुकानाची पाटीसुद्धा आहे. एमटीएफ चार्ट वाचून कोणी लग्नाची ऑर्डर देत नाही.

पण मंगल कार्यालयात खरं काय पणाला असतं ते बघा. स्टेजवर रंगीत एलईडी, समोर अंधार, अक्षता हवेत, पन्नास मोबाईल मध्ये, आणि अंतरपाट खाली येतो तो एक सेकंद. रेहेकुरीत काळवीट उद्या पुन्हा येतो. अंतरपाट पुन्हा धरत नाहीत. इथे ऑटोफोकस चुकला तर चालत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे कॅमेरा बंद पडला तर काहीच चालत नाही. त्याच्या यादीत दुसरी बॉडी नव्हती! सगळं कर्ज काचेत, आणि काच धरायला एकच हात. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर महागातला आणि बॅकअप शून्य.

म्हणून माझं म्हणणं असं पडलं. कोरी सुरुवात असती तर मी त्याला परवाना उघड असलेल्या माउंटवर जा म्हटलं असतं. सोनीवर टॅमरॉनची २८-७५ कंपनीच्या वरच्या श्रेणीच्या २४-७० पेक्षा निम्म्याहून कमी पैशात येते, वजनही कमी, आणि दहा तास हळदीपासून वरातीपर्यंत उभं राहणाऱ्याच्या मनगटाला ते कळतं. २४ ऐवजी २८ मिमी म्हणजे गर्दीच्या खोलीत दोन पावलं मागे जावं लागतं, भिंत आडवी आली तर पंचाईत, हेही खरं. पण उरलेल्या पैशातून दुसरी बॉडी उभी राहते.

तो मात्र कोरा नाही. त्याच्याकडे ईएफच्या लेन्स आहेत, फ्लॅश आहेत, आणि दहा वर्षं बोटांना बसलेली कॅननची बटणं आहेत. त्याच्यासाठी मी शेवटी सुचवली ती ओरिजनल लेन्सच, पण जुनी. लोक मिररलेसवर गेले तसे ईएफच्या लाल पट्टीवाल्या लेन्स वापरलेल्या बाजारात उतरल्या. ॲडॉप्टर लावला की त्या आरएफ बॉडीवर कंपनीच्याच भाषेत बोलतात. लाल पट्टी मिळाली, पांढरी लेन्स मिळाली, मामा सरकला, आणि दुसरी बॉडीही बसली. फक्त त्या मॉडेलचे पार्ट अजून मिळतात का हे आधी विचारून घे म्हटलं, कारण बिघडली तर त्याला लेन्स घेऊन पुणे नाहीतर मुंबई गाठावी लागते आणि सीझनमध्ये आठवडा गेला की ऑर्डर गेली.

यावर त्याने "बघतो" म्हटलंय. नगरकडे "बघतो"चे किती अर्थ होतात हे नगरकरांना विचारा.

पुन्हा विकण्याचा मुद्दा लोक फार ताणतात. ब्रँडची लेन्स विकताना जास्त पैसे येतात हे खरं, पण ती घेताना जास्त गेलेलेही असतात. टक्के बघू नका, गेलेले रुपये बघा. बऱ्याचदा थर्ड पार्टी लेन्सवर रुपयांत कमीच तोटा होतो. दर दोन वर्षांनी माउंट बदलायची खाज असेल तर गोष्ट वेगळी, आणि त्यावर लेन्स हे औषध नाही.

एक बारीक गोष्ट कोणी सांगत नाही. निकॉन आणि कॅननच्या झूम रिंग उलट्या दिशांना फिरतात. टॅमरॉन बहुतेक करून निकॉनसारखी फिरते, सिग्मा कॅननसारखी. म्हणजे कॅननवर टॅमरॉन लावली की पहिले काही दिवस काळवीट जवळ आणायला जावं तर तो लांब पळतो! छंद असेल तर सवय होते. लग्नात दोन बॉड्यांवर दोन दिशांच्या लेन्स असतील तर मात्र डोकं फिरतं.

बाकी थर्ड पार्टी घ्यायचं ठरलंच तर दुकानात स्वतःची बॉडी घेऊन जा. दुकानातल्या बॉडीवर चालली म्हणजे तुमच्यावर चालेल असं नाही. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून दोन्ही टोकांना फोटो काढा, चारही कोपरे बघा, दाराबाहेर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारसायकलींवर फोकस धरतेय का बघा. फर्मवेअर कुठलं आहे आणि घरी अपडेट कसं करायचं ते विचारा. भारतातलं वॉरंटी कार्ड मागा, त्यावर दुकानाचा शिक्का आणि तारीख, आणि बिलावर सिरीयल नंबर. दुकानदार म्हणेल, "अहो, काही होत नाही." त्याला म्हणावं, तरी पण लिहा.